आधी काम, मग कॅबिनेट

पोरी, तुझी यादी पाहिली. काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे, ग्राफिक कार्ड अगदी मॉडेल नंबरासकट. आणि एसएमपीएसपुढे नुसतं ‘६०० वॉट, दुकानवाला देईल’. देईलच तो. गिऱ्हाईक प्रोसेसरची किंमत चार ठिकाणी विचारून आलेलं असतं, तिथे त्याला फार काही सुटत नाही. जे कुणी विचारत नाही, त्यात तो भरपाई करतो. म्हणून ती यादी जरा बाजूला ठेव.

लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात शिरलीस की पहिला प्रश्न येईल, ‘बजेट किती?’ आकडा सांगू नकोस. आकडा सांगितलास की कोटेशन बरोबर तेवढ्याचंच निघतं. काम सांग. तू आर्किटेक्चरची. ऑटोकॅड आणि रेव्हिटमध्ये मॉडेल फिरवताना बहुतेक भार एकाच कोअरवर पडतो, तिथे सोळा कोअर घेऊन पदरात फारसं पडत नाही. व्ही-रेचं रेंडर प्रोसेसरवर करणार असशील तर मात्र जितके कोअर जास्त तितका वेळ वाचेल. ल्युमियन वापरायचं असेल तर सगळी मदार ग्राफिक कार्डावर, त्यातही कार्डाच्या स्वतःच्या मेमरीवर. सीन त्या मेमरीत मावला नाही की कार्ड कितीही वेगवान असो, गाडी अडलीच. तू लिहिलेलं ५०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ जीबीतही. नाव तेच. तेव्हा कोटेशनवर जीबीचा आकडा लिहून घे.

प्रोसेसर घेताना सॉकेटचं पुढचं आयुष्य बघ. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ साली आला आणि २०२४ मध्येही त्यावर बसणारे नवे प्रोसेसर निघत होते. आताच्या एएम५लाही किमान २०२७पर्यंत साथ देऊ असं कंपनीने सांगितलंय. इंटेलचा एलजीए१७०० चौदाव्या पिढीवर थांबला. त्यावरची तेराव्या-चौदाव्या पिढीतली एखादी तगडी चिप स्वस्तात मिळत असेल तर वाईट नाही, पण बोर्डाचा बायोस ताजा करूनच वापर. जादा व्होल्टेजमुळे त्या चिपा अस्थिर व्हायच्या, आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती काढली. आणखी एक, इंटेलच्या नंबराच्या शेवटी ‘एफ’ दिसला की त्यात डिस्प्लेची सोय नाही. चार पैसे वाचतात खरे, पण उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तर सबमिशनच्या आठवड्यात मॉनिटर काळा घेऊन बसशील.

आता एसएमपीएस. याच्यावर मी जरा जास्तच बोलणार. दुकानात तो हातात घे आणि बाजूचं लेबल वाच. ‘+१२ व्होल्ट’ असा रकाना असतो, त्याखाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच वीज ओढतात. त्या अँपिअरला १२ने गुण. चांगल्या ६५० वॉटच्या एसएमपीएसवर ५४ अँपिअर असतील, म्हणजे ६४८ वॉट, हिशोब जुळला. हलक्या मालावर वरती ठळक ६०० आणि खाली ३० अँपिअर, म्हणजे खरे ३६०. उरलेले वॉट फक्त स्टिकरवर. ‘८० प्लस’चा बिल्ला बघून भुलू नकोस, तो एवढंच सांगतो की वीज वाया किती जाते. शॉर्ट झालं तर बोर्ड वाचेल की नाही, ते त्या बिल्ल्यात नाही. वॉरंटी किती वर्षांची ते विचार. पाच वर्षांच्या खाली असेल तर ठेव परत. आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस फुकटच मिळायच्या लायकीचा असतो.

पण एसएमपीएस कितीही चांगला घेतलास तरी घरातलं अर्थिंग धड नसेल तर उपयोग अर्धाच. चिपळूणला तुमच्या जुन्या घरातल्या वायरिंगवर माझा अजिबात भरवसा नाही. वायरमनला बोलव, मीटर लावून घे. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट येतील. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या वर नकोत. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘थोडं लागतंच’ म्हणून सोडून देऊ नकोस. एसएमपीएसमधला फिल्टर किंचित करंट बॉडीवर सोडतो, तो अर्थमधून जमिनीत जायला हवा. अर्थ नसला की तो पत्र्यावरच राहतो.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट एकच समजू नकोस. साधा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो; मॉनिटर धरून रेंडर चालू असताना लाइट गेली तर तोच आधी मान टाकेल. हजार-अकराशे व्हीएचा घे.

रॅम १६-१६च्या दोन पट्ट्या. चार नको, एएम५वर चार लावल्या की वेग खाली आणावा लागतो. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. बसवताना दोन्ही अंगठ्यांनी दाब, कट्ट आवाज येईपर्यंत. नवशिके घाबरून हलकंच दाबतात, आणि मग डिस्प्ले का येत नाही म्हणून रात्रभर शोधत बसतात. प्रोसेसरचं उलट आहे, त्याला जोर लावायचाच नाही. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा आणि नुसता ठेवायचा. एएम५ आणि इंटेलला पिना बोर्डावर असतात, बोट लागलं की वाकल्या. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेव, वॉरंटीत बोर्ड परत घेताना ते मागतात. कूलरच्या बुडाला पारदर्शक फिल्म असेल ती काढ. ती तशीच ठेवून ‘प्रोसेसर तापतोय’ म्हणून आलेली माणसं मी पाहिलीत.

डीडीआर५चा बोर्ड पहिल्यांदा सुरू केलास की पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. अशा वेळी बटण दाबून बंद करू नकोस, चहा टाक. डिस्प्ले आला की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो चालू कर, नाहीतर जास्त वेगाच्या रॅमचे पैसे मोजून ती कमी वेगाने चालवत राहशील. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लाव, बोर्डाला नव्हे. हसू नकोस, भल्याभल्यांचं होतं हे.

बिल जीएसटीचं, प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरासकट. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ असं कुणी म्हणालं तर वॉरंटीही तिथेच सोडून येतेस असं समज. सील तुझ्यासमोर फोडायला लाव. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर भरून देतो म्हणाला तर नको म्हण. ऑटोडेस्कचं विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, कॉलेजचं ओळखपत्र लागेल.

काचेचं कॅबिनेट घ्यायचंच असेल तर घे, बाई. फक्त पुढची बाजू जाळीची असू दे आणि जाळी काढून धुता येऊ दे. मागच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या काढून टाकू नकोस, कोकणात पाली आणि मुंग्या तिथूनच शिरतात. पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नकोस. आतली ऊब दमटपणा धरू देत नाही.

कोटेशन हातात आलं की फोटो पाठव. पैसे दिल्यावर नाही, आधी.