कलल, बुद्बुद, पिंड : गर्भाच्या आद्य अवस्था

गर्भोपनिषदात गर्भाचा क्रम असा सांगितला आहे : एका रात्रीत कलल, सात रात्रींत बुद्बुद, पंधरवड्यात पिंड, मासान्ती काठिण्य. आता प्रत्यक्ष निरीक्षणाने कळलेला क्रम जिज्ञासूंनी पाहावा.

बीजसंयोग गर्भाशयात नव्हे, तर बीजवाहिनीत होतो. त्या एका पेशीचे पहिले विभाजन सुमारे ३० तासांनी होते. चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा पेशीपुंज बनतो; पाचव्या दिवशी त्यात द्रव साठून पोकळी पडते आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. येथे 'बुद्बुद' ही संज्ञा समर्पक वाटते. तथापि संज्ञांचे साम्य म्हणजे सूक्ष्मदर्शकाचे ज्ञान नव्हे. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज फॉन बेअर यांनी १८२७ साली दाखविले.

तिसऱ्या आठवड्यात तीन स्तर होतात. बाह्यस्तरापासून मज्जासंस्था व त्वचेचे बाह्यावरण, मध्यस्तरापासून अस्थी, स्नायू व रक्त, अंतःस्तरापासून अन्नमार्गाचे अस्तर. सुमारे २२ व्या दिवशी हृदय स्पंदू लागते. २८ व्या दिवसापर्यंत मज्जानलिका मिटते. ती न मिटल्यास मेंदूत वा पाठीच्या कण्यात व्यंग राहते.

एवढे घडते तेव्हा मातेला पुष्कळदा गर्भाची वार्ताही नसते. म्हणूनच फॉलिक आम्ल गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे, असे वैद्यक सांगते. नरदेह दुर्लभ मानणाऱ्या गृहस्थांनी हे विशेष ध्यानी धरावे : देहाची जपणूक वार्ता कळण्याआधीच आरंभावी लागते.