आकडे उतरवून घेण्याआधी

लेखाशास्त्रात पीएच.डी. करायची म्हटलं की पहिली धडकी संख्याशास्त्राची भरते. एम.कॉम.ला रिग्रेशन घाईघाईत उरकलेलं असतं आणि पुढे जर्नल उघडावं तर पानोपानी ग्रीक अक्षरं. आमच्या बॅचमधले बहुतेक जण कोर्सवर्क संपताच एसपीएसएसच्या मागे लागले. ही धडकी ओसरते. सॉफ्टवेअर शिकवणारे हल्ली गल्लोगल्ली आहेत. प्रबंध अडतो तो वेगळ्याच ठिकाणी.

आमच्या एका सीनियरच्या व्हायव्हाला मी मागच्या रांगेत बसले होते. विषय चांगला होता: जीएसटीचा उत्पादक कंपन्यांच्या विक्रीवर झालेला परिणाम. सिमेंट, रंग, वाहनांचे सुटे भाग अशा कंपन्यांचे दहा वर्षांचे आकडे डेटाबेसमधून घेतलेले, चाचण्या नेटक्या, पी-व्हॅल्यूंवर तारे. निष्कर्ष असा की जीएसटीनंतर विक्रीवाढ लक्षणीय मंदावली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, ‘‘२०१६-१७च्या विक्रीत एक्साइज धरलीय का?’’

उत्तर कुणाकडेच नव्हतं, गाईडकडेही नाही. गोष्ट अशी आहे. जुन्या पद्धतीत एक्साइज वजा करून निव्वळ विक्री दाखवत. १ एप्रिल २०१६पासून ५०० कोटी आणि त्याहून अधिक नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना इंड एएस (नवी भारतीय लेखामानकं) लागू झालं, आणि विक्रीचा आकडा एक्साइजसकट छापला जाऊ लागला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. तो विक्रीत धरत नाहीत. म्हणजे आकडा आधी फुगला आणि मग बसला. त्या काळात एक्साइजचा सर्वसाधारण दर साडेबारा टक्के होता. कारखान्यातून तेवढाच माल बाहेर पडला तरी कागदावर विक्री पडलेली दिसणारच. कंपन्यांनी हे लपवलंही नव्हतं. ‘हे आकडे मागील वर्षाशी तुलनायोग्य नाहीत’ अशा आशयाची टीप वार्षिक अहवालांत होती. डेटाबेसच्या एक्सेलमध्ये टिपा उतरत नाहीत, इतकंच.

आता माझ्याकडे विद्यार्थी येतात तेव्हा मी आधी मॉडेल विचारत नाही. नमुन्यातल्या चार-पाच कंपन्यांचे वार्षिक अहवाल मागच्या बाजूने, म्हणजे नोट्सपासून वाचून यायला सांगते. मुलं वैतागतात. पण त्या वाचनात सापडतं ते असं: एसीसीने डिसेंबरचं वर्षअखेर सोडून मार्च धरलं तेव्हा मार्च २०२३चं ‘वर्ष’ १५ महिन्यांचं झालं. नेस्ले इंडियाचं मार्च २०२४चंही तसंच. बारा महिन्यांच्या शेजारी पंधरा महिने ठेवले की कुठलीही कंपनी भरभराटीला आलेली दिसते. किंवा १ एप्रिल २०१९पासूनचं इंड एएस ११६ घ्या. बहुतेक भाडेपट्टे ताळेबंदावर आले, भाड्याच्या खर्चाच्या जागी घसारा आणि व्याज बसलं. दुकानांची साखळी चालवणाऱ्या कंपनीने नवं कर्ज न काढताही तिचं डेट-इक्विटी गुणोत्तर चढलं. बँकांना मात्र इंड एएस अजून लागूच झालेलं नाही. म्हणून बँक आणि इंड एएस लागू असलेली एनबीएफसी (बिगर-बँक वित्तसंस्था) एका तक्त्यात घालताना दहादा विचार करावा.

‘अर्निंग्ज मॅनेजमेंट’ हा सध्याचा लाडका विषय. जेनिफर जोन्स यांनी १९९१मध्ये एक नेमका प्रश्न धरला होता: आयातीपासून संरक्षण मागणाऱ्या अमेरिकी कंपन्या चौकशीच्या काळात नफा मुद्दाम कमी दाखवतात का? त्या प्रश्नासाठी त्यांनी मॉडेल बांधलं. आपल्याकडे प्रश्न गळून पडतो आणि मॉडेल तेवढं उरतं. दर उद्योगाचं, दर वर्षाचं वेगळं रिग्रेशन मांडायचं आणि त्यात कंपन्या असतात पाच! त्यातून निघालेल्या अ‍ॅक्रुअल्सवर (हिशेबात धरलेल्या, पण रोखीत न आलेल्या नफ्यावर) कुणी भरवसा का ठेवावा? शिवाय एकूण अ‍ॅक्रुअल्स ताळेबंदातल्या फरकावरून काढू नका, रोख प्रवाह पत्रकावरून काढा. विलीनीकरण झालेल्या वर्षात पहिली रीत कशी फसते, हे ह्रिबर आणि कॉलिन्स यांनी २००२मध्येच दाखवलंय.

बॉल आणि ब्राउन यांचा १९६८चा लेख सगळेच उद्धृत करतात, वाचतात कमी. मी तो वाचायला लावते तो निष्कर्षासाठी नाही. २६१ कंपन्या कशा निवडल्या, ३१ डिसेंबरला वर्ष संपणाऱ्याच का घेतल्या, शेअरच्या किमती किती महिन्यांच्या उपलब्ध हव्यात, हे त्यात सरळ सांगितलंय. आपल्या प्रबंधांत या जागी ‘सोयीस्कर नमुना पद्धत’ एवढे तीन शब्द असतात. सोय कुणाची, ते विचारायचं नाही.

आणि नमुन्यात २००१ ते २००८ या काळातल्या आयटी कंपन्या असतील तर सत्यमचं काय करणार, ते सिनॉप्सिसमध्येच लिहा. ७ जानेवारी २००९च्या पत्रात सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी ५,०४० कोटींची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं. अ‍ॅक्रुअल्सची मॉडेल्स रोखीचं पाठबळ नसलेला नफा शोधतात. इथे रोखच खोटी होती, त्यामुळे त्या चाळणीतून ही कंपनी सहज निसटू शकते. वगळलीत तर कारण द्या, ठेवलीत तर तिच्यासह आणि तिच्याविना असे दोन्ही निकाल छापा. विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर (आरआरसी) जाण्याआधी हे गाईडशी बोलून घ्या. ‘‘एवढ्या खोलात कशाला जायचं?’’ असं उत्तर आलं, तर गाईड बदलण्याचा अर्ज कोर्सवर्कच्या काळातच करा. प्रकरणं लिहून झाल्यावर तो फार महागात पडतो.