इमर्शन शिक्षकाचे पहिले वर्ष : सॉल्ट लेक सिटी

प्रश्न : सॉल्ट लेक सिटीत फ्रेंच इमर्शन शिक्षक म्हणून प्रथमच रुजू होणाऱ्याने बस्तान कसे बसवावे?

उत्तर : सॉल्ट लेक सिटी ज्या राज्यात आहे, त्या अमेरिकेतील युटाने 2008 मध्ये कायदा करून शाळांतील द्विभाषिक इमर्शनला पाठबळ दिले. येथे शाळेचा अर्धा दिवस इंग्रजीत आणि अर्धा दुसऱ्या भाषेत चालतो. दोन शिक्षक दोन वर्ग आलटून पालटून घेतात. त्यामुळे इंग्रजीचा जोडीदार शिक्षक हाच नवख्याचा सर्वांत मोठा आधार असतो. पालकांशी बोलणे, प्रगतिपुस्तके आणि वर्गाची शिस्त त्याच्याबरोबर आधीच ठरवून घ्यावी.

घर शाळेजवळ किंवा ट्रॅक्स या शहरी रेल्वेच्या मार्गावर पाहावे. येथील पत्ते शहराच्या मध्यवर्ती भागातील टेंपल स्क्वेअरपासून मोजतात. ‘700 पूर्व’ आणि ‘900 दक्षिण’ या रस्त्यांचा चौक तेथून सात चौक पूर्वेला व नऊ चौक दक्षिणेला असतो. हे समजले की शहर लवकर ओळखीचे होते. परदेशातून आलेल्याने सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि बँक खात्याचे काम लवकर मार्गी लावावे. हिवाळ्यात थंड हवा डोंगरांमधील खोऱ्यात अडकून प्रदूषण वाढते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी औषधे हाताशी ठेवावीत.

वर्गात पहिल्या दिवसापासून फ्रेंचच बोलावे. ‘वही उघडा’ म्हणताना स्वतः वही उघडून दाखवावी आणि तेच वाक्य रोज त्याच शब्दांत म्हणावे. मुले सुरुवातीला इंग्रजीत उत्तरे देतात. त्यामुळे शिक्षकाने खचून जाऊ नये. समज आधी येते, बोलणे मागाहून.