वळू म्हणजे अर्धा कळप



गेल्या तिमाहीत आपल्या एका देणगीदार भगिनीचे पत्र आले. तिने आपल्या आईच्या स्मरणार्थ शाहूवाडी तालुक्यातील एका धनगरवाड्याला वळू घेऊन दिला होता. तीन वर्षांनी वाड्याने तो दुसऱ्या वाड्याला दिला, हे ऐकून तिला वाईट वाटले. "आईची आठवण अशी देऊन टाकली का?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून हा अभ्यास लिहीत आहे.

ईयोब २१:१० काढून वाचा. दुष्टांची भरभराट का होते, अशी ईयोब तक्रार करतो आणि त्या भरभराटीची खूण म्हणून त्यांच्या वळूचा दाखला देतो. म्हणजे चांगला वळू नुसत्या भाविकपणाने मिळत नाही. तो पारखावा लागतो आणि सांभाळावा लागतो. एका गाईला वर्षाला जास्तीत जास्त एक वासरू होते. तिच्यात दोष असला तर तो तिच्या वासरांपुरता राहतो. वळूचा दोष मात्र वाड्यातल्या प्रत्येक वासरात उतरू शकतो. म्हणून वळू म्हणजे अर्धा कळप.

निवड

पहिली चूक माझीच होती, ती आधी सांगते. २०१८ मध्ये मी बाजारातून एक खिलार खोंड आणला. पांढराशुभ्र, उंच, लांब शिंगांचा. वाड्यातले म्हातारबा त्याला पाहून म्हणाले, "बाई, जनावर देखणं हाय, पर ह्यो माणदेशचा. आमच्या पावसात ह्येची खुरं टिकायची न्हाईत." मी हसण्यावारी नेले. आषाढात त्याची खुरे चिघळली. शिवाय वाड्यातल्या गाई लहान चणीच्या. थोराड वासरामुळे दोन गाई अडल्या आणि त्यातली एक मेली. ज्या घरची गाय मेली, त्या घरात दुभते दुसरे जनावर नव्हते. आपल्या देणगीने त्या घराचे नुकसान केले, हे मला अजून बोचते.

खिलार उत्तमच, पण सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या माळाचा. पावसाच्या डोंगरासाठी देवाने वेगळी जनावरे दिली आहेत. अकोले-इगतपुरीकडे महादेव कोळी आणि ठाकर बांधव डांगी गाई पाळतात. डांगीची कातडी तेलकट असते, पाणी निथळून जाते, आणि खूर काळे व टणक असते. घाटाखाली कोकण कपिला लहान चणीची, थोड्या चाऱ्यावर निभावणारी. त्या त्या मुलखात टिकलेल्या जनावराच्या वंशातलाच वळू निवडावा, हा पहिला नियम.

दुसरा नियम : खोंडाआधी त्याची आई पाहा. ती दूध किती देते, दरवर्षी विते का, कास कशी आहे, स्वभाव कसा आहे. हे बाजारात कळत नाही, गोठ्यात जाऊन विचारावे लागते.

मग खोंड पाहा. तो दोन दाती झालेला असावा. चाल सरळ, पाय मजबूत, डोळे स्वच्छ, दोन्ही अंड सारखे आणि पूर्ण उतरलेले असावेत. शेवटी पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या. ब्रुसेला हा रोग असला तर गाई शेवटच्या महिन्यांत गाभडतात, आणि वार व कच्च्या दुधातून तो माणसालाही होतो. याची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना देतात. वळूला ती देत नाहीत, म्हणून त्याची तपासणी चुकवू नये.

सांभाळ

दुसरा वळू, म्हणजे आपल्या भगिनीच्या आईच्या स्मरणार्थ दिलेला, २०२१ मध्ये शेजारच्या खोऱ्यातून घेतला. या वेळी म्हातारबांनी निवडला, मी फक्त पैसे मोजले. सगळ्यांचा वळू उपाशी राहतो, म्हणून अकरा घरांनी चारापाण्याची आठवड्याची पाळी लावली आणि ती कागदावर लिहिली.

तरण्या वळूवर पहिल्या वर्षी पंधरा-वीसपेक्षा जास्त गाई सोडू नयेत. तो लठ्ठ नको आणि खंगलेलाही नको. रोज चालणे हवे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज अर्धा दिवस ते दिवसभरच टिकतो. वाड्यातल्या मावशी गाय भरवली की भिंतीवर कोळशाने रेघ ओढतात. एखादी गाय उलटली तर दोष गाईत असू शकतो. चार-पाच उलटल्या तर वळू तपासावा. २०२२ च्या लम्पी साथीत आमच्या वळूला सडकून ताप आला. बरा झाला, पण पुढे दोन महिने एकही गाय गाभण राहिली नाही. बीज तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून तापाचा परिणाम इतका लांबतो. हे माहीत नसते तर आम्ही त्याला निकामी ठरवून विकला असता.

वळू कितीही गरीब वाटला तरी वेसण हवीच, आणि मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये. बैल मारका आहे हे सांगूनही धन्याने त्याला आवरले नाही, तर दोष धन्याचा, असे निर्गम २१:२९ मध्ये आहे. नको असलेले खोंड वेळेवर खच्ची करून घ्यावेत. नाहीतर निवडलेला वळू बाजूला राहतो आणि कळप भलत्याच खोंडाचा होतो.

काही जण विचारतात, कृत्रिम रेतन का नाही? मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' सुरू केली आणि गोठवलेले वीर्य खेड्यापाड्यांत पोहोचले. जिथे रस्ता आहे तिथे ती सोय जरूर घ्यावी. पण पावसाळ्यात ओढा भरला की आमच्या वाड्यावर डॉक्टर पोहोचेपर्यंत माज ओसरून जातो.

निरोप

आता त्या पत्राचे उत्तर. २०२४ मध्ये त्या वळूच्या पहिल्या कालवडी माजावर येण्याच्या बेतात होत्या. तो तिथेच राहिला असता तर स्वतःच्याच लेकींवर गेला असता. अशा संबंधातून वासरे अशक्त होतात, गाई उलटतात आणि दूध घटते. एका पिढीत फारसे दिसत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या चालले की कळप खचतो. म्हणून दर तीन वर्षांनी वळू बदलावा. आम्ही त्याची डोंगरापलीकडच्या वाड्याच्या वळूशी अदलाबदल केली. निघताना मावशींनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. म्हातारबा एवढेच म्हणाले, "लेकी हिथंच हाईत की त्येच्या."

चौदा कालवडी आहेत. ज्या घरची गाय मेली होती, त्या घरी वाड्याने आपणहून पहिली कालवड बांधली. भगिनी, आपल्या आईची आठवण तिथे आहे.

मंडळीत चर्चेसाठी

१. देणगी देताना घेणाऱ्याचे ज्ञान आपण विचारतो का?
२. नीतिसूत्रे २७:२३ कळपाची स्थिती नीट जाणून घ्यायला सांगते. आपल्या मंडळीच्या कोणत्या कामाला हे लागू पडते?
३. चांगली गोष्टही वेळेवर दुसऱ्याच्या हाती सोपवायला आपल्याला जड का जाते?

प्रार्थनेसाठी : वाड्यावर आलेल्या नव्या वळूसाठी, विणाऱ्या गाईंसाठी, आणि पावसाळ्यात आजारी माणूस व जनावर दोघांनाही खाली आणता येईल अशा रस्त्यासाठी.