माशीच्या नराची नसबंदी

मागच्या महिन्यात एका तरुण शेतकऱ्याने आपल्या वडिलांना दवाखान्यात आणले. आबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे पाय बधिर. चार दिवसांपूर्वी अंगठ्याला दगड लागला, वर हळद लावून फडके बांधले आणि आबा पुन्हा गोठ्यात. मी फडके सोडले तर जखम आतून वळवळत होती. चिमट्याने एकेक करून चाळीसच्या वर अळ्या काढल्या. आबा शांतपणे बघत होते, कारण त्यांना काही दुखतच नव्हते. मुलाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. जाताना तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एवढे शोध लागले, या माशीचा बंदोबस्त कुणालाच करता आला नाही का?"

करता आला आहे. इथे नाही, पण जगात झाला आहे, आणि तो औषध फवारून नव्हे. त्या दिवशी दारात उभे राहून जेवढे सांगितले, त्याहून थोडे सविस्तर आज लिहितो.

जखमेत पडणाऱ्या अळ्या दोन तऱ्हेच्या असतात. काही फक्त सडलेले, मेलेले मांस खातात. काही मात्र जिवंत मांस पोखरत आत जातात. आपल्याकडे हे काम करणाऱ्या माशीचे शास्त्रीय नाव क्रिसोमिया बेझियाना. अमेरिका खंडात तिची एक दूरची बहीण आहे. १८५८ साली कोकरेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने फ्रेंच गयानातील कैद्यांना झालेल्या उपद्रवावरून तिला 'होमिनिव्होरॅक्स', म्हणजे माणूस खाणारी, असे नाव दिले. अळीच्या अंगावर स्क्रूच्या आट्यांसारखी वळी असतात, म्हणून इंग्रजीत तिला स्क्रूवर्म म्हणतात. मादी जखमेच्या कडेला एका वेळी दोनशे-तीनशे अंडी घालते. दिवसभरात अळ्या बाहेर येतात, आठवडाभर मांस खातात, मग जमिनीवर पडून मातीत कोष करतात. नवजात वासराची ओली नाळ तिला विशेष आवडते.

अमेरिकेच्या शेती खात्यातील एडवर्ड निपलिंग यांनी १९३० च्या दशकात या माशीची एक खोड हेरली. मादी आयुष्यात बहुधा एकदाच समागम करते. तो एक नर निर्बीज निघाला, तर तिची सगळी अंडी फुकट जाणार! पण नर निर्बीज करायचे कसे? क्ष-किरणांनी माशांच्या बीजात बिघाड होतो, हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली दाखवले होते. त्याचा आधार घेऊन १९५० च्या सुमारास निपलिंग यांचे सहकारी रेमंड बुशलँड यांनी या माशीच्या कोषांवर किरण सोडून पाहिले. पुढे क्ष-किरणांऐवजी कोबाल्ट-६० वापरात आले. कर्करोगाच्या रोग्याला ज्याचा 'शेक' देतात, तेच हे कोबाल्ट.

इथे निर्बीज आणि नपुंसक यांतला फरक ध्यानात घ्यावा. नसबंदीला आलेले पुरुष मला हीच शंका विचारतात. किरण दिलेला नर उडतो, मादी शोधतो, समागमही करतो. नसबंदीत बीज बाहेरच येत नाही. या नराचे बीज मादीपर्यंत पोहोचते, पण आतली रंगसूत्रे मोडलेली असल्याने अंडे फुटत नाही. दुसरी शंका अशी की, या माश्या किरणोत्सर्गी होतात का? नाही. छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस जसा घरच्यांना अपाय करत नाही, तसेच हे.

आता हिशेब बघा. समजा शंभर माद्या आणि शंभर नर आहेत. त्यांत आपण नऊशे निर्बीज नर सोडले. म्हणजे दहा नरांत एकच धडका. शंभरपैकी दहा माद्यांचीच अंडी फुटणार. त्या दहांच्या पुढच्या पिढीत, समजा, पन्नास माद्या झाल्या. पुन्हा नऊशे नर सोडले की पन्नासांपैकी दोन-तीनच सफल होतात, आणि त्यापुढच्या खेपेला एखादीही उरणे कठीण. फवारणीचे नेमके उलटे असते. शेवटच्या चार माश्या शोधून मारणे औषधाला जमत नाही. त्या चार माद्या शोधण्याचे काम नर आपण होऊन करतो.

१९५४ साली कॅरिबियन समुद्रातील कुरासाव या बेटावर हा प्रयोग झाला. फ्लोरिडात वाढवलेल्या निर्बीज माश्या विमानातून सोडल्या. सुरुवातीला त्या कमी पडल्या. मग दर चौरस मैलाला आठवड्यास चारशे नर असे प्रमाण ठेवले आणि काही महिन्यांत माशी बेटावरून नाहीशी झाली. नर-मादी वेगळे करणे अवघड असल्याने दोन्ही सोडत. माद्याही निर्बीजच असत. पुढे कारखानेच निघाले. मेक्सिकोतील कारखान्यात आठवड्याला पन्नास कोटींपर्यंत माश्या तयार होत. १९८८ साली ही माशी आफ्रिकेत लिबियात पोहोचली आणि दोनशेहून अधिक माणसांनाही तिचा उपद्रव झाला. तेव्हा मेक्सिकोतून विमानाने सव्वाशे कोटींहून अधिक निर्बीज माश्या नेल्या आणि १९९१ मध्ये तिथला उपद्रव संपला.

मग काम फत्ते झाले का? तसेही नाही. दक्षिण अमेरिकेत माशी आहेच. तिने वर सरकू नये म्हणून पनामाच्या चिंचोळ्या भूमीवर निर्बीज माश्यांचे कुंपण राखले होते. २०२३ मध्ये ते मोडले. माशी एकेक देश ओलांडत नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत शिरली आणि २०२५ मध्ये अमेरिकेला तिथून येणारी जनावरे थांबवावी लागली. तोवर मेक्सिकोचा तो कारखाना बंद होऊन दहा-बारा वर्षे झाली होती. रोग गेला की खर्च डोळ्यांवर येतो. लसीकरणातही मी हेच पाहिले आहे.

आबांच्या मुलाचा पुढचा प्रश्न रास्त होता, "मग त्या माश्या इकडे का सोडत नाहीत?" आपली माशी वेगळ्या जातीची. तिकडचा नर तिच्या कामाचा नाही. शिवाय बेट किंवा चिंचोळी भूमी असली तर मोहीम सोपी जाते. इथे चहूकडून नव्या माश्या येत राहणार. तेव्हा तूर्त आपल्या हाती आहे ती जखम.

मधुमेह्यांनी रोज रात्री दिव्याखाली तळपाय, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. नजर कमी असेल तर सुनेला, नातवाला पाहू द्यावे. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन झाकून ठेवावी. अळ्या दिसल्या तर त्यावर फिनेल, रॉकेल किंवा शेतातले कीटकनाशक मुळीच ओतू नये. त्याने अळ्या मरोत न मरोत, मांस मात्र भाजते, आणि असा भाजलेला पाय मी दोनदा पाहिला आहे. नाकातून घाण वास, रक्त आणि वळवळ जाणवली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, तिथे हयगय नको. गोठ्यातही वासराची नाळ आणि शिंगाची जखम पशुवैद्यांना दाखवावी.

आबांचे ड्रेसिंग एक दिवसाआड चालू आहे. अंगठा वाचेल असे दिसते.