रोमचा वसंत आणि आपला अदार

प्राचीन रोमच्या शेतकऱ्याला वसंत आला हे वारा सांगत असे. ७-८ फेब्रुवारीच्या सुमारास पश्चिमेचा मऊ वारा सुटे; त्याला ते फावोनियस म्हणत. महिना संपता संपता भिंगरी पक्षी परतत. मग सण. २५ एप्रिलला रोबिगालिया, गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून. (तांबेरा म्हणजे पिकावर पडणारा गंजाच्या रंगाचा रोग. मुलांनो, शब्द वहीत लिहून घ्या.) २८ एप्रिलला फ्लोरालिया, फुलांच्या देवीचा उत्सव.

पण जुने रोमन वर्ष ३५५ दिवसांचे, सूर्याच्या वर्षाहून दहा दिवसांनी तोकडे. ही तूट भरायला फेब्रुवारीच्या अखेरीस अधूनमधून जादा महिना घालत. केव्हा घालायचा, हे पुरोहित ठरवत. वर्ष लांबले की अधिकाऱ्यांची मुदतही लांबे. त्यामुळे मित्राच्या साली महिना वाढे, विरोधकाच्या साली राहून जाई. शेवटी कापणीचा सण आला तरी शेतात पीक उभेच, अशी गत झाली. ज्युलियस सीझरने इ.स.पूर्व ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे केले, तेव्हा कुठे मेळ बसला.

आपलीही अडचण हीच. बारा चांद्र महिन्यांचे दिवस ३५४, आणि तोरा सांगते की पेसाख अवीव महिन्यात पाळा. अवीव म्हणजे जवाची कोवळी कणसे. म्हणून निसानच्या आधी दुसरा अदार घालतात. पूर्वी हे जव, झाडांची फळे आणि सूर्याची गती पाहून ठरवत. ठरवणारे कोण असावेत, याबद्दल आपले ज्ञानी रोमच्या पुरोहितांहून फार सावध होते. तालमूदच्या सान्हेद्रिन भागात नियमच आहे: या बैठकीत राजा नको, कारण सैन्याचा पगार वर्षावर ठरलेला, तेराव्या महिन्यात सैन्य फुकट राबेल. मुख्य याजकही नको, कारण वर्ष लांबले की योम किप्पूर थंडीत जाईल, आणि त्या दिवशी त्याला पाच वेळा पाण्यात बुडी मारावी लागे. गार पाण्याची धास्तीही स्वार्थात धरली, ही बारकाई मला फार आवडते.

पुढे १९ वर्षांत ७ जादा महिने असे गणित पक्के झाले. मराठी पंचांगातला अधिक महिनाही याच कामाचा.

घरचा अभ्यास: आपले पूर्वज कोकणात पुरीमला होळीचा सण म्हणत. २०२४ साली पुरीम आणि होळी दोन्ही २४ मार्चला आले. २०२१ साली मात्र पुरीम २६ फेब्रुवारीला आणि होळी २८ मार्चला. असे का, ते दोन्ही पंचांगे घेऊन घरातल्या मोठ्यांबरोबर शोधा. २०२० आणि २०२२ ही वर्षे नीट पाहा.