डाळीच्या पिकातले तण

तूर पेरली की पहिला दीड महिना ती फार हळू वाढते. तण मात्र आठ-दहा दिवसांत डोके वर काढते. त्यात पावसाची झड लागली की कोळपे चालत नाही, खुरपणीला बाया मिळत नाहीत, आणि वाफसा येईपर्यंत रान हिरवेगार होते. मूग-उडदाचे तर पहिले तीस दिवसच खरे. तेवढ्यात तणाने खतपाणी खाल्ले, तर मागाहून कितीही खुरपा, नुकसान भरून निघत नाही. म्हणून लोक तणनाशक औषध आणतात. आणायला हरकत नाही. पण कोणते?

तुरीचा दाणा जात्यावर भरडला की त्याच्या दोन डाळी होतात. ज्वारीच्या होतात का? नाही, तिच्या कण्या होतात. ज्याच्या बीला दोन डाळी, त्याचे पान बहुधा रुंद असते. ज्वारी, गहू, ऊस ही गवताच्या कुळातली. त्यांचे पान लांबट. तणांतही असेच दोन तट आहेत. माठ, दुधी, गाजरगवत ही तुरीच्या बाजूची. शिपी आणि हराळी ज्वारीच्या बाजूची.

आता २,४-डी नावाचे औषध घ्या. ते ज्वारीत मारतात. ते रुंद पानाचे तण मारते आणि ज्वारीला सोडते. पण तुरीचे काय? या औषधाला माठ कोणता आणि तूर कोणती, हे कळत नाही! आपल्याकडे ज्वारीत तुरीचे तास घालायची चाल जुनी आहे. अशा रानात हे औषध मारले, तर तणाबरोबर तूरही जाईल. शेजारच्या रानात मारताना वारा इकडचा असला, तरी तुरीचे शेंडे पिळवटतात. पंपात राहिलेला अंशही नडतो. नुसते विसळून भागत नाही. या औषधाचा पंप वेगळाच ठेवावा.

डाळीच्या पिकाला पेंडीमेथॅलीन चालते. हे पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, पीक व तण उगवण्यापूर्वी, ओल्या जमिनीवर फवारतात. ढेकळे नसावीत. जमिनीवर औषधाचा पातळ थर बसतो आणि तणाचे बी उगवतानाच मरते. तो थर तुडवू नये, म्हणून मागे मागे सरकत फवारावे. हराळी आणि लव्हाळा याने जात नाहीत, कारण ते बीपेक्षा काशा आणि गाठींपासून फुटतात. ते खणूनच काढावे लागतात. दुकानदार काहीही सांगो.

सोयाबीनमध्ये उगवणीनंतर मारायचे इमेझेथापायर नावाचे औषध असते. उरले म्हणून ते हरभऱ्यावर मारू नका. हरभऱ्याची वाढ खुंटते.

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा बाटली घेतली की पैसे देण्यापूर्वी तिच्यावरचा कागद वाचा. कोणते पीक लिहिले आहे? मुदत संपली का? पेंडीमेथॅलीन ३० टक्क्यांचे आहे की ३८.७ टक्क्यांचे? दोहोंचे माप वेगळे आहे. रंगीत चौकोनही पाहा. तांबडा सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला म्हणून हाताने ढवळायचे नाही, आणि फवारताना तंबाखू मळायची नाही. रिकाम्या बाटलीत गोडे तेल भरायचे नाही. एक गोष्ट बायांना विशेष सांगावी: औषध मारलेल्या रानातली घोळ किंवा तांदुळजा भाजीला आणू नये, गुरांनाही घालू नये.

थोडे गणित करू. ३० टक्क्यांचे औषध एकराला १ लिटर घेतले आणि पाणी २०० लिटर लागले, तर दर लिटर पाण्यात ५ मिलिलिटर औषध आले. पंप १६ लिटरचा असेल, तर एका पंपाला ८० मिलिलिटर. तुमचा पंप १५ लिटरचा असेल तर किती? पाटीवर मांडून पाहा.